इल्ला, खाली आणि गोत्तिल्ला

ज्याचं काम घरातल्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्याला एक प्रश्न जन्मभर पुरतो. "तुम्ही नेमकं करता तरी काय?" शिक्षिका, डॉक्टर, वकील, शिवणकाम करणाऱ्या बाई, सगळ्यांना एका शब्दात उत्तर देता येतं. माझ्या कामाला मराठीत 'दस्तऐवजीकरण' आणि कन्नडमध्ये 'दाखलीकरण' असे भारदस्त शब्द आहेत. पण ते वापरले की समोरच्याला मी सब-रजिस्ट्रार कचेरीत आहे असं वाटतं आणि तो लगेच आपल्या शेताच्या उताऱ्याची अडचण सांगू लागतो. म्हणून मी सोपं करून सांगते. मिक्सरच्या खोक्यात एक पातळ पुस्तिका येते ना, जी कोणी वाचत नाही आणि हरवली की सगळं घर शोधतं, तसल्या पुस्तिका लिहिणारी बाई म्हणजे मी. फरक इतकाच, की माझ्या पुस्तिका मिक्सरच्या नसतात, कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमच्या असतात.

गेलं वर्षभर मी ज्या साधनाची पुस्तिका लिहिते आहे, ते एआय एजंटांना आठवण ठेवायला देण्याचं साधन आहे. इंग्रजीत त्याला 'की-व्हॅल्यू स्टोअर' म्हणतात. नाव ऐकून पान उलटू नका. यात आपल्या घरांशी, आणि विशेषतः दोन भाषांत संसार करणाऱ्या आपल्यासारख्या घरांशी, संबंध असलेलं बरंच काही आहे.

आधी एजंट म्हणजे काय ते बघू. आपल्या भागात एजंट म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेला माणूस. फॉर्म कुठला, स्टॅम्प कितीचा, आधी कुठल्या खिडकीला जायचं, सगळं त्याला पाठ. आपण काम सांगायचं, पायऱ्या त्यानं ठरवायच्या. संगणकातला एजंट याच कुळातला. त्याच्या पोटात भाषा समजणारं मॉडेल असतं आणि हाताशी काही साधनं दिलेली असतात. एक साधन वेळापत्रक बघण्याचं, एक मेल पाठवण्याचं, एक हिशेब करण्याचं. "पुढच्या शनिवारी हुबळीला जायचं आहे, सकाळची गाडी बघ" म्हटलं, की कुठलं साधन कधी उचलायचं ते तो स्वतः ठरवतो.

पण झाडाखालच्या एजंटाकडे एक गोष्ट असते, ती याच्याकडे नसते. झाडाखालचा माणूस आपल्याला बघून म्हणतो, "या वहिनी, मागच्या वेळी उत्पन्नाचा दाखला काढलेला ना?" यंत्राला तसं म्हणता येत नाही. मॉडेलला शिकवताना जे शिकवलं ते त्याला येतं, आणि चालू संभाषणात समोर जे मांडलेलं आहे तेवढं त्याला दिसतं. ती मांडणीची जागाही मर्यादित. संभाषण संपलं की पाटी कोरी. उद्या तुम्ही परत आलात तर तो तुम्हाला नव्यानं नमस्कार करतो. म्हणून मग त्याला एक वही द्यावी लागते. आजच्या संभाषणातलं कामाचं तेवढं तिच्यात लिहून ठेवायचं आणि उद्या काढून वाचायचं.

ही वही कशी असते ते सांगायला मला देवळाबाहेरचा चपलांचा स्टँड बरा वाटतो. आपण चपला देतो, स्टँडवरचा माणूस बिल्ला देतो. बिल्ल्यावर आकडा. परत येताना बिल्ला दिला की चपला मिळतात. तो आपलं नाव विचारत नाही, चपला चामड्याच्या की रबराच्या हे बघत नाही. आकडा आणि चपला, एवढाच त्याचा व्यवहार. की-व्हॅल्यू स्टोअर हे एवढंच आहे. 'की' म्हणजे बिल्ला, 'व्हॅल्यू' म्हणजे चपला. मी माझ्यापुरते दोन शब्द ठरवले आहेत, खूण आणि ऐवज. खूण सांगा, ऐवज घ्या. या साधेपणामुळेच ते फार वेगानं चालतं. पण बिल्ला हरवला आणि तुम्ही "तपकिरी रंगाच्या, डावीचा अंगठा उसवलेला" असं वर्णन करू लागलात, तर स्टँडवाला कपाळाला हात लावतो. त्याची सगळी मांडणी आकड्यांची. ऐवजाच्या वर्णनावरून खूण शोधणं या पद्धतीत बसत नाही.

कल्पना नवी नाही. संगणकाच्या जगात बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली 'डीबीएम' नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला, तो याच जातीचा. ॲमेझॉनच्या इंजिनिअरांनी २००७ साली 'डायनॅमो' या त्यांच्या साठवणीवर निबंध प्रसिद्ध केला. गिऱ्हाइकाची खरेदीची टोपली कुठल्याही क्षणी हाताशी असली पाहिजे, ही त्यामागची एक मोठी गरज होती. साल्वातोरे सान्फिलिप्पो या इटालियन माणसानं २००९ साली 'रेडिस' आणलं, ते आज जगभर वापरलं जातं. रेडिस हे नाव ज्या इंग्रजी शब्दांतून बनलं त्यांचा अर्थ होतो दूरवरून वापरायचा शब्दकोश. हे कळलं तेव्हा मला फार आवडलं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा, किट्टेलचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ सालचा. शब्द ही खूण, अर्थ हा ऐवज. आपल्या दोन्ही भाषांनी हा व्यवहार कधीच केलेला आहे.

आता माझ्या कामाचा गमतीचा भाग. आजवर मी लिहिलेल्या पुस्तिका माणसांसाठी होत्या, आणि माणसं पुस्तिका वाचत नाहीत हे मी मान्य करून टाकलं होतं. या साधनाचा मुख्य वाचक मात्र यंत्र आहे. अँथ्रॉपिक कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये एजंटांना साधनं जोडण्याची एक खुली पद्धत जाहीर केली. 'एमसीपी' या नावानं ती ओळखली जाते. तिच्यात प्रत्येक साधनाला एक नाव, साध्या भाषेतलं वर्णन आणि काय माहिती द्यायची त्याचा साचा असतो. एजंटाला हे साधन उचलावं की नाही हे कळतं ते त्या वर्णनावरून. म्हणजे मी लिहिलेल्या तीन-चार ओळी तो प्रत्येक संभाषणात वाचतो. असा वाचक कुठल्या लेखकाला मिळतो? पण हा वाचक जे लिहिलं त्यावरच चालतो. तुम्ही जे गृहीत धरलं, ते त्याला ठाऊक नसतं.

आमच्या साधनात चारच क्रिया. ठेव, दे, पूस आणि यादी दाखव. चार क्रियांची चार वर्णनं. कोणाला वाटेल, दोन दिवसांचं काम. प्रत्यक्षात महिने गेले, कारण अडचण क्रियांची नव्हतीच. ती नावांची होती.

चाचणीत एक प्रकार सारखा दिसायचा. एजंटाला कोणी सांगितलं, "माझ्याशी मराठीत बोलत जा." त्यानं शहाण्यासारखं 'भाषा_पसंती' या खुणेखाली 'मराठी' असं लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तोच एजंट, पाटी कोरी घेऊन आलेला, 'आवडती_भाषा' या खुणेनं विचारायचा. उत्तर यायचं, काही नाही. मग तो पुन्हा इंग्रजीत सुरू. वापरणाऱ्याला वाटायचं, यंत्र विसरलं. यंत्र विसरलेलं नव्हतं. ऐवज जागच्या जागी होता, फक्त हाक दुसऱ्या नावानं मारली होती. 'भाषा_पसंती' आणि 'आवडती_भाषा' यांचा अर्थ एकच हे तुम्हाआम्हाला कळतं. वहीला कळत नाही. तिला अक्षर न् अक्षर जुळावं लागतं.

हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. आपल्या प्रत्येक गोष्टीला दोन हाका आहेत. बाजारात आपण कोथिंबीर मागतो, भाजीवाली कोत्तंबरी देते. आपल्या मराठीत किल्ली म्हणजे कुलूप उघडायची वस्तू; आपल्या भागातल्या कन्नडमध्ये 'कीली' म्हणजे कुलूप, आणि किल्ली म्हणजे 'कीलीकै', कुलपाचा हात. नव्यानं लग्न होऊन आलेल्या मुलीला "कीली हाकु" म्हणजे कुलूप लाव, हे कळेपर्यंत ती किल्ली शोधत उभी राहते. आणि आपलं गाव? १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं कागदोपत्री बदलली, त्यात बेळगावचं बेळगावी झालं. हिंदी वर्तमानपत्रं बेलगाम लिहीत आली. कोणी कुठलंही नाव घेतलं तरी आपल्याला गाव एकच दिसतं. वहीला मात्र ती तीन गावं.

त्यातून लिपीची भानगड वेगळी. 'कऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र संगणकात दोन प्रकारांनी लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला वेगळा र वापरतात, दुसऱ्यात साधा र आणि त्याच्या मागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही कऱ्हाड अगदी सारखे. आत मात्र दोन निराळ्या खुणा. एका कीबोर्डवरून ठेवलेलं दुसऱ्या कीबोर्डवरून मागितलं तर मिळेलच असं नाही. शिवाय संगणकात अक्षरं लिहिण्याची जी पद्धत आता सगळीकडे चालते, तिच्यात देवनागरीचं किंवा कन्नडचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेतं. रोमन लिपीतलं बेलगाम ७ बाइटांत बसतं, देवनागरी 'बेळगाव'ला १८ लागतात. खुणेला ६४ बाइटांची मर्यादा घातली, तर इंग्रजीवाल्याला ६४ अक्षरं आणि आपल्याला काना-मात्रा धरून जेमतेम २१. मर्यादा ठरवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. त्याच्या घरी एकच लिपी असते, एवढंच.

यावर जाणकारांचा जुना उपाय आहे आणि तो मी पुस्तिकेत पहिल्याच पानावर घातला. माणसाचं नाव ही खूण करू नका, नाव हा ऐवज असू द्या. खूण साधी, ठरावीक साच्याची ठेवा. 'ग्राहक', मग अपूर्णविरामासारखी दोन टिंबं, मग एक क्रमांक, पुन्हा दोन टिंबं, मग 'भाषा'. आत काय लिहायचं ते कुठल्याही भाषेत लिहा, चार स्पेलिंगांत लिहा. नावं बदलतात, लग्नानं बदलतात, लिपीनं बदलतात, सरकारी आदेशानं बदलतात. क्रमांक बदलत नाही. आणि नवी खूण पाडण्याआधी यादी बघा, तीच गोष्ट आधी दुसऱ्या नावानं ठेवलेली नाही ना.

आता शीर्षकातल्या तीन शब्दांकडे येते. वहीला काही मागितलं आणि ते मिळालं नाही, तर त्याची कारणं तीन असू शकतात. पहिलं, त्या खुणेखाली कधी काही ठेवलेलंच नाही. दुसरं, ठेवलेलं आहे, पण ते कोरं आहे; कोणीतरी विचारपूर्वक रिकामं ठेवलं आहे. तिसरं, वहीपर्यंत पोचताच आलं नाही. नेटवर्क गेलं, परवानगी नाही, काहीतरी अडलं. कामचलाऊ पुस्तिकेत या तिन्हींना एकच उत्तर लिहिलेलं असतं, मिळालं नाही. मला ते पटेना. इंग्रजीत मी तीन परिच्छेद लिहून पाहिले, नीट उतरेनात. शेवटी माझ्या डोक्यात ते कन्नडमध्ये उतरले. फडताळात डबाच नाही, तर 'इल्ला'. डबा आहे, आत काही नाही, तर 'खाली'. आणि फडताळाला कुलूप आहे, आत काय आहे ते मला बघता आलं नाही, तर 'गोत्तिल्ला', मला माहीत नाही. आपल्याकडचं पाच वर्षांचं पोरही या तीन उत्तरांत गल्लत करत नाही. 'गोत्तिल्ला'च्या जागी 'इल्ला' म्हणणाऱ्या पोराला आजी सांगते, "आधी बघून ये जा."

मला हे इतकं का लागलं, त्याचं कारण घरात आहे.

अत्ते, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर चिकोडी तालुक्यातलं, मराठी. सासर बैलहोंगलकडचं, कन्नड. शाळेच्या दाखल्यावर त्यांच्या नावाला 'बाई' जोडलेलं आहे, सासरच्या कागदांवर 'व्वा'. आधार कार्ड निघालं तेव्हा रेशन कार्ड बघून तिथेही 'व्वा'च आलं. मामंजींनी फार पूर्वी अत्तेंच्या नावावर थोडी ठेव ठेवली होती, ती माहेरच्या नावानं, 'बाई' लावून. कदाचित प्रेमानं, कदाचित तोच दाखला हाताशी होता म्हणून. मामंजी गेले. त्यानंतर ठेवीची मुदत संपली आणि अत्ते आधार घेऊन पैसे काढायला गेल्या. खिडकीतल्या माणसानं कॉम्प्युटरमध्ये नाव घातलं आणि सांगितलं, "इल्ला. या नावाचं कोणी नाही."

नाव जुळत नाही असं तो म्हणाला असता तर गोष्ट वेगळी होती. दुसरं कुठलं नाव आहे का, एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं. तो म्हणाला, कोणी नाही. समोर बाहत्तर वर्षांची बाई उभी, हातात पिशवी, पिशवीत सगळे कागद. अत्ते घरी आल्या, कट्ट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी नाही म्हणे गं. मग इतकी वर्षं भाकऱ्या कुणी थापल्या?" आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

पुढे आठ महिने गेले. एका टेबलावर मराठी दाखल्याचं कन्नड भाषांतर मागितलं, दुसऱ्यावर कन्नड कागदाचं इंग्रजी. शेवटी स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र झालं की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. 'बाई' उर्फ 'व्वा'. त्या एका 'उर्फ'नं गाठ सुटली. पैसे फार नव्हते. पण त्या आठ महिन्यांत अत्ते कुठल्याही खिडकीसमोर उभ्या राहिल्या की आधी स्वतःचं नाव मनातल्या मनात घोकायच्या, आज कुठलं सांगायचं म्हणून. स्वतःचं नाव सांगताना बिचकणारी बाई बघणं सोपं नसतं.

हे सगळं होऊन गेल्यावर हे साधन माझ्याकडे लिहायला आलं. उद्या हाच एजंट कुठल्यातरी खिडकीत बसणार. दवाखान्याची वेळ देणारा, गॅसची तक्रार घेणारा, ठेवीची चौकशी करणारा. त्यानं वहीत बघावं, खूण जुळू नये, आणि त्यानं आपल्या त्या गोड, न थकणाऱ्या भाषेत कोणाला तरी सांगावं, "या नावाचं कोणी नाही." माणसाशी भांडता तरी येतं.

म्हणून 'दे' या क्रियेच्या वर्णनात मी काही ओळी घातल्या. मूळ इंग्रजीत आहेत, मराठीत त्यांचा आशय असा: 'उत्तर "नाही" आलं, तर या खुणेखाली काही ठेवलेलं नाही एवढाच अर्थ घ्यावा. ती व्यक्ती किंवा ती गोष्ट अस्तित्वात नाही असं वापरणाऱ्याला सांगू नये. आधी यादी पाहावी, मग दुसऱ्या नावानं नोंद असू शकते का ते विचारावं. वहीपर्यंत पोचता आलं नाही तर तसं स्पष्ट सांगावं.'

या ओळींवर वाद झाला. वर्णनातला प्रत्येक शब्द एजंट दर संभाषणात वाचतो, त्याची जागा अडते आणि त्याला पैसे पडतात. शब्द कमी करणं हा आमच्या धंद्यात गुण आहे. वरिष्ठांचं म्हणणं, हे समजण्यासारखंच आहे, लिहायला कशाला हवं? मग आम्ही तेच संवाद ओळी घालून आणि ओळी काढून पुन्हा पुन्हा चालवून पाहिले. ओळी नसताना एजंट बऱ्याचदा "अशी ग्राहक नाही" म्हणून मोकळा व्हायचा. ओळी असताना तो विचारायचा, "आपलं नाव आणखी कुठल्या पद्धतीनं लिहिलं जातं का?" वाद तिथे संपला. ओळी राहिल्या. पुढच्या भागात मी 'उर्फ'चीही रीत लिहिली. एका खुणेखाली ऐवजाऐवजी दुसरी खूण ठेवायची, म्हणजे 'बाई'नं विचारलं तरी वही 'व्वा'कडे बोट दाखवते. इंजिनिअरांना ही युक्ती आधीपासून ठाऊक होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, एवढंच.

आठवणीची दुसरी बाजूही आहे. पूर्वी बायका बाजारात निघताना पदराला गाठ मारायच्या, काहीतरी आणायचं लक्षात राहावं म्हणून. गाठ ही खूण, ऐवज डोक्यात. काम झालं की गाठ सोडायची. सोडली नाही तर दुसऱ्या दिवशी ती गाठ कशाची होती हेच आठवत नाही. यंत्राच्या बाबतीत सगळे गाठ मारण्याचं कौतुक करतात, सोडण्याचं कोणी बोलत नाही. सुरुवातीला आमच्या 'ठेव' क्रियेच्या वर्णनात असं होतं की पुढे उपयोगी पडेल ते साठवावं. चाचणीतल्या एका काल्पनिक बाईनं रेल्वेचं खालचं बर्थ मागितलं, बोलता बोलता गुडघ्याच्या ऑपरेशनचा उल्लेख केला. एजंटानं बर्थ तर बघून दिलंच, वर ऑपरेशनची नोंदही वहीत करून टाकली. तिनं तसं सांगितलं नव्हतं. यंत्राला ते उपयोगी वाटलं.

हे मी जेवताना सहज घरी सांगितलं, तर अत्ते म्हणाल्या, "कट्ट्यावर बोललेलं वहीत कशाला लिहायचं?" मला पुस्तिकेचा एक परिच्छेद मिळाला. आता त्या वर्णनात असं आहे की कामाला लागेल तेवढंच ठेवावं. आजार, पासवर्ड, आधार क्रमांक ठेवू नयेत. काय ठेवलं ते विचारणाऱ्याला दाखवावं. प्रत्येक नोंदीला मुदत घालता येते, मुदत संपली की नोंद आपोआप जाते. आणि वापरणाऱ्यानं पुसायला सांगितलं तर पुसून टाकावं, "लक्षात ठेवलेलं बरं" असा सल्ला देऊ नये. अर्थात एजंट हे वर्णन दर वेळी तंतोतंत पाळेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून जे पुसायचं ते वहीतून खरोखर पुसलं जातं की नाही, हे वेगळं तपासावं लागतं. शब्दांवर सगळा भार टाकून चालत नाही, हे शब्दांवर पोट असलेल्या बाईनंच सांगितलेलं बरं.

वाचकांपैकी फार थोड्यांना एजंट किंवा त्याची वही बनवायची असेल. पण वही आपल्या सगळ्यांच्या घरी हवी. आपल्या घरांत कागद दोन लिप्यांत आहेत, नावं तीन स्पेलिंगांत आहेत, आणि ते सगळं एकाच माणसाच्या डोक्यात असतं. तो माणूस गेला की मागे राहते ती पिशवी. एखाद्या रविवारी दोन तास काढा. दोनशे पानी वही घ्या, दर माणसाला एक पान द्या, पानाला क्रमांक घाला. त्या पानावर त्याची सगळी नावं लिहा. माहेरचं, सासरचं, शाळेच्या दाखल्यावरचं, आधारवरचं, उताऱ्यावरचं. कन्नडमध्ये कसं लिहिलंय, मराठीत कसं, इंग्रजी स्पेलिंग काय. कुठल्या कागदावर कुठलं नाव आहे आणि तो कागद कुठल्या पिशवीत आहे, तेही. एटीएमचा पिन मात्र त्यात लिहू नका. आणि वही कुठे ठेवली आहे हे घरातल्या दोघांना तरी सांगा, एकाला मराठीत, एकाला कन्नडमध्ये.

आमच्या वहीचं पहिलं पान अत्तेंचं आहे. चार नावं लिहून मी वही त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा लावून एकेक वाचलं आणि म्हणाल्या, "पाचवं राहिलं." लहानपणी आई ज्या नावानं हाक मारायची ते त्यांनी सांगितलं. मला इतक्या वर्षांत ते माहीत नव्हतं.

"अत्ते, पण हे कुठल्या कागदावर आहे?" मी विचारलं.

"कुठल्याच नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर लिही."